वेब डिझाइन शिकता शिकता गप्प बसायला शिकले

वेब डिझाइनचा कोर्स करतेय म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी वाटतात, एकतर ही दिवसभर कोडिंग करते नाहीतर ही दिवसभर रंग निवडत बसते. दोन्ही थोडं थोडं खरंय. पण तू नक्की काय शिकलीस असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की समोरचा माणूस आपण बनवलेली गोष्ट वापरत असताना तोंड बंद ठेवायला शिकले. ऐकायला विनोदी वाटेल, पण ज्यांनी मला आधी बघितलंय त्यांना पटेल लगेच.

मी मूळची कराडची. काकांचं तिथं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं आणि आता फ्लेक्सपण. शाळेत असल्यापासून मी तिथं बसायचे, कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) हात बसलेला, गणपतीचं क्लिपार्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन. बीकॉम झाल्यावर पुण्यात वेब डिझाइनचा क्लास लावला, कॉट बेसिसवर राहायला लागले, आणि मनात पक्कं होतं की आपल्याला डिझाइन येतंच, फक्त कोडिंग तेवढं शिकायचंय.

पत्रिकेच्या कामात एक मोठी सोय असते जी तेव्हा मला सोय वाटतच नव्हती. कागदाचा साइज एकदा ठरला की ठरला. मी 'श्री' जिथं ठेवलाय तिथंच तो छापला जाणार, आणि पत्रिका आत्याच्या हातात गेली काय किंवा आमदारांच्या हातात गेली काय, ती तशीच दिसणार. वेबवर हे सगळं गेलं. माझं पान कुणाच्या स्क्रीनवर उघडणार, त्यानं अक्षर मोठं करून ठेवलंय का, त्याचं नेट कसंय, यातलं काहीच माझ्या हातात नाही. हे पचायला मला फार वेळ लागला, खरं सांगायचं तर एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस (त्याला रंगरूप द्यायची भाषा) शिकण्यापेक्षा जास्त.

पहिल्याच आठवड्यात सरांनी जगातली पहिली वेबसाइट उघडून दाखवली, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेली, 1991 ची. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंक, बाकी काही नाही. मी मनात म्हटलं ह्यात काय बघायचं. सरांनी ब्राउझरची खिडकी धरून लहान केली, मोठी केली, आणि मजकूर आपोआप वळत गेला, कुठंच कापला नाही. मग म्हणाले, ही लवचिकता वेबमध्ये पहिल्यापासून होती, आपण मधल्या काळात साइटला पिक्सेलमध्ये रुंदी देऊन तिला आखडून टाकलं, आणि फोन आले तेव्हा पंचाईत झाली. पान स्क्रीनप्रमाणे आपोआप जुळवून घेतं त्याला रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव ईथन मार्कॉट या वेब डिझायनरनं दिलं ते 2010 साली. हे मी वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन माझ्या पहिल्या पानाला एकदम ठोक रुंदी दिली, कारण सवय कागदाची. फोनवर उघडलं तर सगळं मुंगीएवढं. तेव्हा कळलं की व्ह्यूपोर्टचा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे बसव असं ब्राउझरला सांगणारी ओळ) नसेल तर फोनचा ब्राउझर आपलं पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरतो आणि मग दाबून छोट्या स्क्रीनमध्ये बसवतो.

सीएसएसचा स्वभाव हा वेगळाच विषय आहे. ते रागवत नाही. कुठं चुकलात तर लाल अक्षरात ओरडत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतं आणि पुढं जातं. ओळीच्या शेवटचा एक सेमीकोलन (;) राहिला की पुढची ओळपण गेली, आणि तुम्ही तासभर स्क्रीनकडं बघत बसता की एवढं लिहिलं तरी हलत कसं नाही. त्यात तो बॉक्स मॉडेल, म्हणजे पानावरची प्रत्येक गोष्ट एक डबा धरायची पद्धत. रुंदी 300 दिली, दोन्ही बाजूंना 20 चं पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) दिलं तर डबा 340 चा होतो, कारण पॅडिंग रुंदीच्या बाहेर धरलं जातं, तुम्ही बॉक्स-सायझिंग नावाची सेटिंग बदलत नाही तोपर्यंत. मला वाटायचं माझ्याच लॅपटॉपला काहीतरी झालंय. रूममेट बिचारी नर्सिंगची, तिला रात्री अकरा वाजता मी सांगायचे की बघ ना गं हा डबा खाली का येतोय, आणि ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

मी मुळात तापट. दुकानात कुणी पत्रिकेत चौथ्यांदा बदल सांगितला की मी माऊस आपटायचे. सीएसएसपुढं ते चालत नाही, आपटा किती आपटायचंय ते. सरांनी एक शिस्त लावली होती की मदत मागायला यायचं तर तीन गोष्टी लिहून आणायच्या, मला काय हवं होतं, प्रत्यक्षात काय होतंय आणि मी काय काय करून बघितलं. नुसतं 'सर चालत नाहीये' म्हणून गेलात तर ते हसून परत पाठवायचे. सुरुवातीला याचा फार राग आला, पैसे भरलेत ना आम्ही, मग सांगा की. पण लिहायला लागलं की निम्म्या वेळा दुसऱ्या मुद्द्यावरच उत्तर सापडायचं. एका वेळी एकच ओळ बदलायची, सगळ्या डब्यांना लाल आउटलाइन द्यायची, ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट (पानाचा कोड दाखवणारी सोय) उघडून कुठली ओळ खोडलेली दिसतेय ते बघायचं. आता घरी आईशी वाद झाला तरी मी आधी विचारते की तुला नक्की काय हवं होतं, आणि आई म्हणते हिला पुण्यात काय झालं.

रंगांचं पण एक सांगते. मला फिकट राखाडी अक्षरं फार आवडायची, एकदम क्लासी वाटतात ना, पांढऱ्यावर हलका राखाडी मजकूर. माझ्या एका असाइनमेंटमध्ये हॅश नाइन नाइन नाइन (#999) हा राखाडी रंग सगळीकडं होता. क्लासमधल्या मॅडमनी कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) तपासायला लावला तर पांढऱ्यावर तो भरतो 2.85 ला एक, आणि वाचायच्या साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची जागतिक नियमावली) नियमानं किमान 4.5 ला एक पाहिजे. मी म्हटलं मॅडम मला तर दिसतंय. त्या काही बोलल्या नाहीत, माझा फोन घेतला, ब्राइटनेस अर्ध्यावर आणला आणि मला भर दुपारी गच्चीवर घेऊन गेल्या. काहीच दिसेना. मला स्वतःला दिसेना, चोवीस वर्षांच्या डोळ्यांना. माझ्या बाबांना चाळिशी लागून किती वर्षं झालीत आणि ते रोज दुपारी रस्त्यावर उभं राहून फोन बघतात, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा आठवलं. रंग निवडताना बाबा आठवले पाहिजेत हे दुकानात कधी सुचलंच नव्हतं, तिथं झळकणारी सोनेरी शाई चालते म्हणजे चालते.

आता मुख्य गोष्टीवर येते. दर शुक्रवारी आमचा रिव्ह्यू असायचा. पहिल्या रिव्ह्यूत सगळे एकमेकांना 'छान झालंय, मस्त' म्हणत होते, सरांनी 'छान' या शब्दावर बंदी घातली, म्हणाले दुकानात साडी बघताय का. मग नियम असा की ज्यानं बनवलंय त्यानं बोलायचं नाही. दुसरा कुणीतरी येऊन ते वापरणार, मोठ्यानं जे मनात येईल ते बोलत बोलत, आणि बनवणाऱ्यानं मागं उभं राहून फक्त लिहून घ्यायचं. अडकला तरी सांगायचं नाही. माझी पाळी आली तेव्हा एक मुलगा माझ्या साइटवर फॉर्म शोधत होता, बटण अगदी त्याच्या नाकासमोर, आणि तो खाली खाली जातोय. माझ्या तोंडातून 'अरे वर, वर' निघालंच. सर म्हणाले, साइट लोकांकडं जाईल तेव्हा तू प्रत्येकाच्या खिशात बसून जाणारेस का?

तेव्हा जाम अपमान वाटला. वर्ग हसला तेही होतंच. शिवाय तिथं बरीच मुलं इंग्लिश मीडियमची, फटाफट बोलणारी, माझ्या तोंडातून 'अलाइनमेंट' निघेपर्यंत विषय बदललेला असायचा. काकांच्या दुकानाबद्दल मी तिथं कुणाला बोललेच नव्हते, विचारलं तर 'ग्राफिक्सचं थोडं काम केलंय' एवढंच.

फायनल प्रोजेक्ट स्वतः निवडायचं होतं. बाकीच्यांनी कॅफे, जिम, स्नीकर्सचं दुकान वगैरे घेतलं. मी गावाकडचं एक सार्वजनिक वाचनालय घेतलं, शासनाचं अनुदान मिळणारं, 'ब' वर्गातलं, जिथं मी लहानपणी सुट्टीत पडीक असायचे. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या कर की, आमचं काय जातंय, आणि पेन ड्राइव्हवर पुस्तकांची यादी दिली. मी पुण्यात येऊन ती उघडली, मजकूर कॉपी करून माझ्या पानात टाकला आणि स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची, डॉलर-कंसांची खिचडी.

क्लासमध्ये कुणालाच कळेना. मला मात्र लगेच कळलं, कारण ही खिचडी मी दुकानात हजारदा बघितलीय. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत, त्यात तसं नाही, तिथं 'क' ला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कुठलाही असो. काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर त्यांनी ती खिचडी नुसती बघून सांगितलं की फॉन्ट कुठला असणार आणि कुठला कन्व्हर्टर लागेल. मी सरांना सांगितलं, काकांनी ओळखलं म्हणून. सर म्हणाले त्यांना एकदा क्लासला बोलाव. त्या दिवसानंतर मी दुकानाबद्दल बोलताना आवाज खाली करणं सोडलं.

कन्व्हर्टरनं बरंचसं काम केलं पण 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' पाशी गडबड. आमच्या गावाचंच नाव बघा, कोणी कराड लिहितं, कोणी कऱ्हाड, आणि त्या कऱ्हाडमधला 'र' टाइप करायचे परत वेगवेगळे प्रकार. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ते वेगळे शब्द, म्हणजे एकानं लिहिलेलं दुसऱ्याला शोधून सापडणार नाही. शेवटी सुट्टीत गावी जाऊन ग्रंथपाल मॅडम आणि मी यादी ओळीनं वाचली, त्या दाखल क्रमांक सांगायच्या आणि मी दुरुस्त करायचे, मधे चहा, मधे कुणी पुस्तक बदलायला यायचं की थांबायचं.

मराठीतली साइट बनवताना कळलं की बाहेरून शिकलेल्या निम्म्या युक्त्या आपल्या लिपीवर चालतच नाहीत. हेडिंगच्या अक्षरांत अंतर वाढवणं ही माझी लाडकी स्टाइल, देवनागरीत ती केली की शिरोरेघेचे तुकडे पडतात, दात पडल्यासारखं दिसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. पानाचा साचा एडिटर आपोआप टाकतो त्यात भाषा इंग्रजी म्हणून लिहिलेली असते, ती बदलून मराठी केली तर काही फॉन्टमध्ये आपले मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात, आणि स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना मजकूर बरोबर आवाजात ऐकू येण्याची शक्यता वाढते. फॉन्ट मी 'मुक्त' नावाचा घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, फुकट आहे आणि लहान साइजलापण वाचायला सुटसुटीत. फक्त देवनागरीत जोडाक्षरांचे आकार खूप, त्यामुळं फाइल जड होते, म्हणून सगळी वजनं न घेता दोनच घेतली, साधं आणि ठळक. वर्गातली ती फटाफट बोलणारी मुलं मग मराठी-हिंदी हेडिंगसाठी माझ्याकडं यायला लागली. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.

साइट झाली तेव्हा मी ती वाचनालयात येणाऱ्यांना वापरायला दिली. माझ्या फोनवर द्यायची नाही, त्यांच्याच फोनवर. एक निवृत्त गुरुजी रोज पेपर वाचायला येतात, त्यांना म्हटलं, गुरुजी ह्यात तुम्हाला पाहिजे ते एक पुस्तक शोधा, मी काही बोलणार नाही, तुम्हाला जे वाटेल ते मोठ्यानं म्हणा. त्यांच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. माझ्या बटणांना मी ठोक उंची दिली होती, सगळ्यांची नावं खालून कापली गेली, 'शोधा' चा फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता. गुरुजींनी आधी वाचनालयाच्या इमारतीच्या फोटोवर बोट ठेवलं, मग परत ठेवलं, मग म्हणाले, "अगं बाळ, पुस्तक कुठनं शोधायचं ह्यात? हितं दाबू का?" वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा म्हणजे मेनू हे त्यांना माहीत असायचं काही कारणच नव्हतं. मी वही घट्ट धरून उभी. जीभ अक्षरशः दातात धरली होती. बराच वेळ गेला आणि मग गुरुजींनी माईकचं चिन्ह दाबून लेखकाचं नाव सरळ बोलून टाकलं, सर्च इंजिनच्या डब्यात, माझ्या साइटच्या बाहेरच.

मी बोलले असते तर हे मला कधीच दिसलं नसतं. लोक टाइप करत नाहीत, बोलतात. तरुण पोरं टाइप करतात ती इंग्रजी अक्षरांत मराठी. आणि वयस्कर वाचक आडनावावरून पुस्तक शोधतात, जसं कपाटापाशी उभं राहून शोधतात तसं. मग मी मेनूच्या तीन रेघा काढल्या, पहिल्या पानावर शोधायचा मोठा डबा आणि खाली अ, आ, इ अशी लेखकांची अक्षरवार यादी. फोटो पार तळाला. बटणांची उंची काढून पॅडिंग ठेवलं, म्हणजे अक्षर मोठं झालं की बटणपण मोठं होतं. दिसायला साइट आधीपेक्षा साधी झाली आणि आधीच्या मला ती पोर्टफोलिओत टाकायची लाज वाटली असती.

कमिटीपुढं दाखवायला गेले तेव्हा एका सदस्यांनी सांगितलं की वर लाल अक्षरात सरकती पट्टी पाहिजे आणि बाजूला लुकलुकणारं 'नवीन' पाहिजे. मार्की टॅग (मजकूर सरकवणारा कोड) कधीच बाद झालाय, सरकता मजकूर वाचायला त्रास होतो, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. दुकानातली मी असते तर तोंड वाकडं करून 'बरं, टाकते' म्हटलं असतं आणि मागं काकांपाशी बडबड केली असती. मी त्या सदस्यांनाच विचारलं, काका, पट्टीत काय लिहायचं तुम्हाला? तर म्हणाले, अगं लोकं दुपारी येतात आणि कुलूप बघून परत जातात, वेळ बदललेली कुणाला माहीतच नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मग नावाच्या खाली लगेच एक ओळ टाकली, आज उघडं आहे का आणि किती ते किती. फोनवर दाखवल्यावर ते म्हणाले हां, हेच पाहिजे होतं. लाल रंग मात्र त्यांनी सोडला नाही, तेवढा दिला, गडद लाल, कॉन्ट्रास्ट तपासून.

क्लास संपलाय आता. एका छोट्या एजन्सीत इंटर्नशिप चालू आहे आणि गावाकडून दोन कामं आलीत, एक डेअरीवाले आणि एक कोचिंग क्लास. जावास्क्रिप्ट अजून कच्चं आहे. इंग्रजीत मीटिंग असली की आदल्या रात्री पोटात गोळा येतो, पण सगळं कागदावर लिहून नेते आणि वाचते, कुणी काही म्हणत नाही. पैशाचं बोलणं हा सगळ्यात अवघड धडा निघाला आणि तो कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. डेअरीवाल्यांनी किती घेणार विचारलं आणि मी एवढा कमी आकडा सांगितला की काका ऐकून म्हणाले, एवढ्यात मी शंभर पत्रिकापण छापत नाही. तिथं गप्प बसणं चालत नाही म्हणे. कोचिंगवाल्यांना काकांच्या पद्धतीनं सांगितलं, निम्मे ॲडव्हान्स, दोनदाच बदल, तिसऱ्यांदा बदल असला तर वेगळे पैसे. ते म्हणाले विचार करून सांगतो. सोमवारी फोन करणार आहेत, बघू.